बर्फाच्या दिवशी मुलांना शाळेत नेताना: टोरांटो परिसरातील पालकांसाठी

टोरांटो, मिसिसॉगा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये पहिलाच हिवाळा काढणाऱ्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट लवकर उमगत नाही, ती म्हणजे रात्रभर बर्फ पडला तरी शाळा बहुधा सुरूच राहते आणि रद्द होते ती स्कूल बस. हा निर्णय पहाटेच जाहीर होत असल्याने आपल्या शालेय मंडळाचे संकेतस्थळ किंवा बसची सूचना देणारे अ‍ॅप उठल्याबरोबर पाहण्याची सवय नोव्हेंबरपासूनच लावून घ्यावी. सकाळी रद्द झालेली बस सहसा दुपारीही धावत नाही, त्यामुळे मूल शाळेत पोचवण्यापूर्वीच त्याला परत कोण आणणार हे ठरलेले असावे. शाळा सुरू असली तरी हवामान पाहून मुलाला घरी ठेवण्याचा अधिकार पालकांना असतो. मात्र गैरहजेरी शाळेला वेळेत कळवावी, नाहीतर कार्यालयाचा फोन येतो.

आपल्याकडे थंडीची धास्ती मोठी असते आणि मूल आजारी पडेल या काळजीने सारी शक्ती कपड्यांवर खर्च होते. प्रत्यक्षात बर्फाच्या सकाळी मुलाला अधिक धोका असतो तो गाड्यांचा, आणि त्यात आपली स्वतःची गाडीही आली. म्हणून थंडीचा विचार आधी थोडक्यात आटोपू. अंगालगत सुती कपडा नसावा, कारण तो घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की अंग गार पडते. त्याऐवजी पातळ थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट व स्नो पँट असावी. बोटे एकत्र राहतात म्हणून हातमोज्यांपेक्षा मिटन अधिक उबदार असतात. लांब मफलर घसरगुंडीत किंवा झोक्यात अडकून गळ्याला फास बसू शकतो, त्यामुळे गळ्यात ओढून घालायचा नेक वॉर्मरच घ्यावा. मोजे व मिटनची जादा जोडी दप्तरात टाकावी आणि प्रत्येक वस्तूवर नाव लिहावे. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, उणे २८ च्या खाली गेले की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. तेवढी थंडी नसेल तर मधल्या सुट्टीत मुले बर्फात खेळतातच, आणि आपल्या एकट्या मुलाला आत बसवण्याची विनंती शाळेला करण्यात अर्थ नाही.

आता गाडीविषयी. जाडजूड जॅकेट घालून मुलाला कारसीटमध्ये बसवणे ही सर्वत्र आढळणारी आणि खरोखर घातक सवय आहे. पट्टे घट्ट वाटतात, पण धडक बसली की जॅकेटमधली हवा दबते, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यातून निसटू शकते. म्हणून जॅकेट काढून, फ्लीसवर पट्टे आवळून, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणावी आणि खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो अजून सैल आहे. त्यानंतर जॅकेट उलटे करून किंवा पांघरूण घेऊन ते पट्ट्यांच्या वरून घालावे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे पटणे कठीण जाते, कारण उणे दहा तापमानात नातवाचे जॅकेट काढणे त्यांना निर्दयपणाच वाटतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तेच पट्टे जॅकेटसह आवळून, मग जॅकेट काढून मुलाला पुन्हा त्यात बसवून दाखवावे. किती ढील राहते ते त्यांना डोळ्यांनीच दिसेल.

टोरांटो ज्यात येते त्या ऑन्टारियो प्रांतात मूल ८ वर्षांचे, ३६ किलो वजनाचे किंवा १४५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत त्याला वजनानुसार योग्य कारसीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागते. सीट कॅनडाच्या सुरक्षा मानकाचे चिन्ह असलेलीच हवी. भारतातून आणलेली इथे चालत नाही.

निघण्यापूर्वी धुराड्याचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे इंजिन चालू करण्याआधी तपासावे, कारण बुजलेल्या धुराड्यामुळे कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. गाडी मोकळी होईपर्यंत मुलांना आत बसवून ठेवू नये. टपावरचा बर्फही झटकावा, अन्यथा ब्रेक लावताच तो पुढच्या काचेवर घसरतो. शेजारच्या क्युबेक प्रांतात आहे तशी विंटर टायरची सक्ती ऑन्टारियोत नाही, तरी तापमान ७ अंशांखाली गेले की साध्या टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते. शिवाय २०१६ पासून विंटर टायरसाठी इथल्या विमा कंपन्यांना सवलत द्यावी लागते, तेव्हा खर्चाची सबब फारशी टिकत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ शाळेच्या फाटकाशी होतो. बस रद्द असल्याने प्रत्येक जण गाडी काढतो, उशीर झालेला असतो, आणि मुलाला दोन पावलेसुद्धा चालावे लागू नये म्हणून पालक दुहेरी रांगेत किंवा रस्त्याच्या पलीकडे गाडी उभी करून त्याला उतरवतात. आपल्या मुलाची चार पावले वाचवण्यासाठी आपण इतरांच्या मुलांना धोक्यात घालतो, हे स्पष्टच बोलायला हवे. त्यापेक्षा एक-दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावून फुटपाथच्या बाजूने उतरावे आणि चालत जावे. मुलांना रस्ता ओलांडून देणारा क्रॉसिंग गार्ड व सर्व पादचारी रस्त्याबाहेर जाईपर्यंत गाडीचालकाने थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर स्कूल बसचे लाल दिवे चमकत असतील, तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचे असते.

शाळा जवळ असेल तर पायी जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जानेवारीच्या सुरुवातीला टोरांटोत पावणेआठनंतर सूर्य उगवतो, म्हणून काळ्या किंवा गडद निळ्या जॅकेटपेक्षा भडक रंगाचे, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट घ्यावे. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगांवर चढू नये व त्यात बोगदे खणू नयेत, हे मुलांना बजावून सांगावे; बर्फ हटवणाऱ्या ट्रकच्या चालकाला ढिगामागचे मूल दिसत नाही. त्या ढिगांआडून मूल अचानक रस्त्यावर येऊ शकते, म्हणून ओलांडण्यापूर्वी ढिगाच्या कडेला थांबून, टोपीमुळे बाजूचे झाकले जाते हे लक्षात ठेवून, मान पूर्ण वळवून दोन्हीकडे पाहण्याचा सराव करून घ्यावा. ऑन्टारियोत मुलाने एकट्याने चालत जाण्यासाठी ठरावीक वय कायद्यात दिलेले नाही. १६ वर्षांखालील मुलासाठी परिस्थितीनुसार वाजवी देखरेखीची व्यवस्था करणे एवढेच कायदा सांगतो. एरवी एकट्याने जाणाऱ्या मुलाबरोबर बर्फाच्या सकाळी कोणी मोठे असलेले बरे, आणि तसे कोणी मोकळे नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळ्या लावून मुलांचा गट नेण्याची सोय हिवाळ्यापूर्वीच करून ठेवावी.