कीक्लोक लावताय? एरर गप्प करण्याआधी या चुका टाळा

ऑथरायझेशन सर्व्हर (लॉगिन तपासून ॲपला टोकन, म्हणजे सही केलेलं डिजिटल ओळखपत्र, देणारा) स्वतः लिहायचा नसतो, कीक्लोकसारखा तयार घ्यायचा असतो, हे आता बहुतेकांना पटलंय. पण तो उभा करताना होणाऱ्या चुका वर्षानुवर्षं त्याच. एरर आली की तिचं कारण शोधायचं सोडून, ती एरर देणारी तपासणीच बंद करून टाकायची. नवशिक्याला संध्याकाळपर्यंत लॉगिन चालू करून दाखवायचं असतं, आणि एका ओळीचा तोडगा नेटवर मिळतोच.

इश्युअर जुळत नाही

डॉकरवर (प्रत्येक सर्व्हिस वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त डब्यात, चालवणारं साधन) पहिल्यांदा काम करणारा प्रत्येक जण इथे अडतो. ब्राउझर कीक्लोकला लोकलहोस्ट म्हणून ओळखतो. बॅकएंड मात्र वेगळ्या कंटेनरमध्ये, त्याच्यासाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः, म्हणून तो कंटेनरच्या नावाने हाक मारतो. टोकनमध्ये इश्युअर (टोकन देणारा सर्व्हर) म्हणून छापलं जातं लोकलहोस्ट, बॅकएंडला अपेक्षित असतं कंटेनरचं नाव, आणि टोकन नाकारलं जातं. नाकारलं जायलाच हवं.

एका टीमने यावर काय केलं ते सांगतो. बॅकएंड स्प्रिंग बूटचं होतं. तिथे इश्युअरचा पत्ता दिला तर स्प्रिंग टोकनमधला इश्युअर तपासतं. फक्त चाव्यांचा पत्ता, म्हणजे जेडब्ल्यूके-सेट-यूआरआय दिला, तर सही आणि मुदत बघतं, इश्युअर बघतच नाही. कोणीतरी पहिली ओळ काढून दुसरी टाकली. एरर गेली, सगळे खूश, ती ओळ तशीच प्रॉडक्शनला गेली.

एवढ्याने आभाळ कोसळलं नसतं, कारण दोन सर्व्हरच्या सह्यांच्या चाव्या वेगळ्या असतात. पण प्रॉडक्शनचा रेल्म (कीक्लोकमधला युजर, क्लायंट आणि चाव्यांचा स्वतंत्र कप्पा) नव्याने बनवायचा कंटाळा आला, म्हणून टेस्टिंगचा रेल्म कमांड लाइनवरून एक्सपोर्ट करून तिकडे इम्पोर्ट केला. त्या एक्सपोर्टमध्ये खासगी चाव्याही असतात! म्हणजे चाव्या त्याच आणि इश्युअर कोणी विचारत नाही. एके दिवशी एका टेस्टरने पोस्टमनमध्ये (एपीआयला हाताने विनंती पाठवायचं साधन) चुकून टेस्टिंगचं टोकन प्रॉडक्शनच्या पत्त्यावर पाठवलं आणि समोर खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डरी आल्या. टेस्टिंगमध्ये ॲडमिनचा पासवर्ड टीममधल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. टेस्टर प्रामाणिक होती म्हणून ती आधी टीम लीडकडे गेली.

सही फक्त ‘हे टोकन या चावीने बनलं’ एवढंच सांगते. ते कोणी बनवलं आणि कोणासाठी, हे इश्युअर आणि ऑडियन्स सांगतात. तिन्ही तपासा. ऑडियन्सकडे तर कोणी बघतच नाही. कीक्लोकमध्ये तुमच्या एपीआयचं नाव त्यात यावं म्हणून सहसा मॅपर (टोकनमध्ये काय भरायचं ते ठरवणारा नियम) मुद्दाम लावावा लागतो.

माझी सवय अशी: लॅपटॉपवरसुद्धा कीक्लोकला एकच नाव. ते नाव होस्ट्स फाइलमध्ये टाकतो, तेच डॉकर नेटवर्कमध्ये कंटेनरला उपनाव म्हणून देतो, पोर्टही तोच ठेवतो. मग ओपनआयडी-कॉन्फिगरेशनचं पान (कीक्लोक स्वतःचे पत्ते जाहीर करतो ते) एकदा ब्राउझरमधून आणि एकदा कंटेनरच्या आतून कर्लने, म्हणजे कमांड लाइनवरून, उघडून इश्युअरची ओळ शेजारी शेजारी बघतो. प्रॉडक्शनला होस्टनेम सेटिंगमध्ये एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता. कीक्लोक एन्जिनएक्ससारख्या प्रॉक्सी सर्व्हरच्या मागे असेल तर प्रॉक्सी-हेडर्सची सेटिंगही लागते, नाहीतर कुठेतरी एचटीटीपी आणि एचटीटीपीएसचा घोळ उगवतो.

रिडायरेक्ट यूआरआयमध्ये फुली

रिडायरेक्ट यूआरआय म्हणजे लॉगिननंतर ब्राउझरला परत पाठवायचा पत्ता. ‘इनव्हॅलिड रिडायरेक्ट यूआरआय’ दिसलं की लोक त्या खान्यात नुसती फुली (*) टाकतात, म्हणजे कुठलाही पत्ता चालेल. याचा अर्थ लॉगिननंतर मिळणारा, टोकनच्या बदल्यात वटवायचा कोड कोणाच्याही साइटवर पाठवायला सर्व्हर तयार. माणूस आधीच लॉगिन असेल तर पासवर्डसुद्धा विचारला जात नाही, लिंक दाबली की कोड गेला.

‘पण आम्ही पीकेसीई लावलंय’ (म्हणजे ज्याने लॉगिन सुरू करताना चॅलेंज पाठवलं, त्यालाच कोड वटवता यावा अशी सोय) हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त मान हलवतो. लिंकच हल्लेखोराने बनवली असेल तर त्यातलं चॅलेंजही त्याचंच, आणि पब्लिक क्लायंटला (ब्राउझर किंवा मोबाइलमधल्या ॲपला) सीक्रेट नसतं. कोड तो आरामात वटवतो. पीकेसीई वेगळ्या चोरीसाठी आहे, ते लावाच. पण रिडायरेक्टचे पत्ते एकेक करून पूर्ण लिहा, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. ओऑथच्या सुरक्षेवरच्या जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्येही तंतोतंत जुळणीच सांगितली आहे. सूट आहे ती नेटिव्ह ॲपच्या लोकलहोस्टवरच्या पोर्टपुरती.

बाकीच्या भराभर

‘स्टार्ट-डेव्ह’ने (कीक्लोकच्या डेव्हलपमेंट मोडने) प्रॉडक्शन चालवू नका. त्यासोबत येणारी फाइलमधली एचटू डेटाबेसही नको, पोस्टग्रेस लावा.

मास्टर रेल्ममध्ये ॲपचे युजर घालू नका. तो कारभाऱ्यांसाठी आहे.

रिॲक्टच्या कोडमध्ये क्लायंट सीक्रेट? तो कोड ब्राउझरमध्ये कोणीही वाचू शकतो, ते सीक्रेट उरलं नाही.

आयडी टोकन (युजर कोण ते ॲपला सांगणारं) एपीआयला पाठवू नका. एपीआयला ॲक्सेस टोकन लागतं.

पासवर्ड ग्रँट (ॲपनेच युजरचा पासवर्ड घेऊन टोकन मागायची पद्धत) ‘सोपा’ म्हणून वापरू नका. तोच आरएफसी त्याला साफ मनाई करतो.

टोकन ‘अजून लागू झालेलं नाही’ अशी विचित्र एरर आली तर कोडला हात लावण्याआधी दोन्ही मशीनची घड्याळं बघा. लॅपटॉप झोपून उठला की व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे राहू शकतं. सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवत राहणारी सर्व्हिस) चालू ठेवा.

आणि टोकनची मुदत. कीक्लोकमध्ये ॲक्सेस टोकन मुळात ५ मिनिटांचं असतं. रिफ्रेशचा (मुदत संपली की नवं टोकन मागायचा) कोड लिहायचा कंटाळा म्हणून लोक ते २४ तासांचं करतात. मग सकाळी एखाद्याचं खातं बंद केलं तरी तो संध्याकाळी आत असतो, कारण एपीआय सही जागच्या जागी तपासतं, दर वेळी सर्व्हरला विचारायला जात नाही. ५ मिनिटं तशीच राहू द्या आणि रिफ्रेशचा कोड पहिल्याच आठवड्यात लिहून टाका.