अवकाशयानांचे वर्ग कसे ठरवावेत: आधी गिअर, मग नाव

अवकाशकथा लिहायला बसलेल्या नवशिक्याची वही मला लांबूनच ओळखू येते. पहिल्याच पानावर युद्धनौकांकडून उसन्या घेतलेल्या नावांचा तक्ता असतो. कॉर्व्हेट १०० मीटर, फ्रिगेट २००, विनाशिका ३००, क्रूझर ५००, आणि सगळ्यात खाली किलोमीटरभर लांबीचं काहीतरी, त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं. माझीही पहिली वही अशीच होती. चौदा वर्ग होते तीत. त्यातला एकही आज वापरात नाही.

तुमच्या विश्वातली माणसं कुठे राहतात, काय विकतात आणि कशावरून भांडतात हे ठरलंय, असं धरून चालतो. ठरलं नसेल तर यानांना हात लावू नका.

लांबीचा तक्ता फाडा

समुद्रावरसुद्धा वर्ग लांबीने ठरत नाही. आपल्या नौदलाच्या जुन्या रजपूत वर्गाच्या विनाशिका पूर्ण भारासह सुमारे ५,००० टनांच्या. आजच्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेट ६,६०० टनांच्या वर आहेत. म्हणजे धाकटी जाऊ थोरलीपेक्षा थोराड. 'विनाशिका' हे नावही कामावरून पडलं. १८९० च्या दशकात टॉर्पेडो सोडणाऱ्या चिमुकल्या बोटींनी मोठ्या युद्धनौकांची झोप उडवली होती. त्या बोटींना मारायला जी नौका बांधली, ती 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. पुढे टॉर्पेडो बोटी गेल्या आणि नावाचं नुसतं शेपूट उरलं. तुमच्या कथेतली विनाशिका नेमका कशाचा विनाश करते, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो शब्द खोडा.

नागरी यानं: दाराचं माप घ्या

हे सोपं आहे. मालवाहू यानाचा वर्ग त्याच्या वाटेतलं सगळ्यात अरुंद दार ठरवतं. 'पनामॅक्स' जहाजं म्हणजे पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांत जेमतेम मावणारी, सुमारे ३२ मीटर रुंद आणि २९४ मीटर लांब. आम्हा बडोदेकरांना तर इतकं लांब जायचीही गरज नाही. १८६२ मध्ये गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम अडीच फुटी रुळांवर बैलांनी ओढलेली गाडी धावली. रूळ अडीच फुटी ठरले की डबा, पूल, वळण, एका फेरीत जाणारा कापूस, सगळं ठरलं. आणि जिथे अरुंद रूळ संपून रुंद सुरू होतात तिथे माल उतरवून पुन्हा चढवायला हमाल, गोदाम, मुकादम आणि चहाची टपरी आलीच. गोष्टी तिथेच घडतात.

अवकाशातही हे आजच आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डॉकिंगचं (यान स्वतः येऊन जोडलं जातं ते) गोल दार सुमारे ८० सेंटिमीटरचं आणि बर्थिंगचं (यांत्रिक हाताने ओढून जोडतात ते) चौकोनी दार सुमारे १२७ सेंटिमीटरचं. उपकरणांचं पूर्ण आकाराचं कपाट पहिल्या दारातून जातच नाही. तुमच्या विश्वात अशी दोन मापं ठरवा. नागरी यानांचे निम्मे वर्ग आपोआप पडतील.

लढाऊ यानं: इथे घसरतात सगळे

मीही घसरलो, आणि नुसता नाही, तीन कथा छापून आल्यावर. माझ्या लढाऊ यानाला मी चपळाई दिली होती आणि लांबचा पल्लाही. ते गुरूपर्यंत सुसाट जायचं, वाटेत शत्रूला दोनदा वळसा घालायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी. शेजारचे एक काका लोको शेडमधून निवृत्त झालेले. दांडिया बाजारात सेव-उसळ खाता खाता त्यांनी ती कथा वाचली आणि रस्सा पुसत विचारलं, "अरे, हे तुझं इंजिन गुड्सचं आहे का पॅसेंजरचं?"

मी म्हणालो, "काका, युद्धाचं आहे."

"ते ठीक. पण गिअर कुठला लावलास?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन, डब्ल्यूएपी-७ प्रवासी गाडीचं. ताकद दोघांचीही सहा हजार अश्वशक्तीच्या वर. दुसरं पहिल्यावरूनच घडवलेलं, मुख्य बदल गिअरच्या गुणोत्तरात. मालगाडीचं ओढतं जास्त, पळतं कमी. प्रवासी गाडीचं ताशी १४० किलोमीटर पळतं, पण त्याच्यामागे कोळशाच्या वाघिणी लावून बघा! आणि नावात काय आहे पाहा: रुळाची रुंदी, विजेचा प्रकार, काम, क्रमांक. लांबीचा पत्ताच नाही.

रॉकेटलाही गिअर असतो. तो म्हणजे मागे फेकलेल्या झोताचा वेग. इंजिनाची ताकद तीच ठेवून झोत दुप्पट वेगाने फेकला तर रेटा निम्मा होतो. पण इंधन पुरवून पुरवून वापरलं जातं. झोत मंद केला की रेटा वाढतो आणि टाकी भसाभसा रिकामी होते. ताकद दोन्हीकडे तीच. यातून सुटका नाही, आणि 'आमच्या विश्वात नवं इंधन आहे' म्हणणाऱ्याचीही नाही. गिअर त्यालाही निवडावाच लागतो.

दुसरा हिशेब रॉकेटचं गणित मांडणाऱ्या रशियन त्सिओल्कोव्स्कीचा, १९०३ चा. मी त्याला वेगाची शिदोरी म्हणतो. यानाला एकूण जितका वेग कमवायचा आणि घालवायचा आहे, तो झोताच्या वेगाइतका असेल तर निघतानाचं वजन रिकाम्या वजनाच्या २.७ पट लागतं. दुप्पट हवा असेल तर ७.४ पट, तिप्पट हवा असेल तर २० पट. आणि लक्षात ठेवा, अवकाशात थांबायलाही इंधन लागतं. जाऊन थांबायचं, परत येऊन थांबायचं, तर शिदोरीचे चार घास करावे लागतात. माझं पहिलं यान थांबतच नव्हतं. तीन कथांत कोणालाही ते दिसलं नाही, मला तर नाहीच.

आता वही घ्या आणि हे स्वतः करून बघा, नुसतं वाचून डोक्यात उतरत नाही. दोन यानं घ्या. इंधन सोडून वजन प्रत्येकी १,००० टन, इंधन १,७२० टन, इंजिन एक गिगावॅटचं, म्हणजे शंभर कोटी वॅटचं. सगळं सारखं.

पहिल्याचा झोत सेकंदाला ३० किलोमीटर. शिदोरी ३० किलोमीटर प्रति सेकंद, पण ती संपवायला इंजिन अखंड नऊ दिवस चालवावं लागतं. पहिले दहा किलोमीटर प्रति सेकंद कमवायलाच चार दिवस जातात. दुसऱ्याचा झोत सेकंदाला १० किलोमीटर. तेच दहा ते एका दिवसात कमावतं. आणि त्या दिवसाअखेर टाकी कोरडी.

पहिलं मालवाहू, दुसरं लढाऊ. रेल्वेच्या उलट गंमत आहे: इथे मालवाहू दमदार आणि संथ, लढाऊ दांडगं आणि धापा टाकणारं. लढाऊ यानाला मालवाहूची शिदोरीही देऊ म्हणाल तर हजार टनांच्या यानामागे १९,००० टन इंधन बांधावं लागतं, आणि एवढं ओझं घेऊन निघताना ते मालवाहूपेक्षाही मंद हलतं. मी हे गणित चार वेळा तपासलं होतं, कारण विश्वासच बसेना.

म्हणून लढाऊ यानांचे वर्ग तोफांवरून पाडू नका. तळापासून किती लांब जाऊन परत येता येतं, यावरून पाडा. तळाशी बांधलेलं, इंधनाच्या टँकरसोबत फिरणारं आणि झोताचा गिअर बदलता येणारं, हे तीन वर्ग पुरतात. तिसरं महाग, मोजकंच आणि सतत दुरुस्तीला आलेलं. युद्ध कोण जिंकणार हे तोफांपेक्षा टँकर ठरवतात. टँकर बुडवला की पुढचं सगळं आरमार आपोआप भंगार. शत्रूलाही हे कळतं, तेव्हा कथेतली पहिली गोळी टँकरवर सुटू द्या.

उष्णता

निर्वातात, यानातलं काही फेकून न देता, उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग: किरणोत्सर्जन. अमेरिकेच्या स्पेस शटलचे रेडिएटर मालकक्षाच्या दारांच्या आतल्या बाजूला होते. कक्षेत पोचल्यावर दारं उघडली नाहीत तर मोहीम गुंडाळून परतावं लागणार. आपल्या गिगावॅटच्या इंजिनात तेवढीच उष्णता वाया जाते असं धरा, आणि रेडिएटर १,००० केल्विनला (सुमारे ७२७ अंश सेल्सिअसला) तापवा. दोन्ही बाजूंनी उष्णता टाकणारा पंखा सुमारे ८,८०० चौरस मीटरचा लागेल, फुटबॉलच्या मैदानाहून मोठा. केल्विनमधलं तापमान दुप्पट केलं तर क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येतं, पण ते सोसणारा धातू शोधा. लढाऊ यान पंखे मिटून किती वेळ लढू शकतं, हा आकडा प्रत्येक वर्गापुढे मिनिटांत लिहा.

नावं

शेवटी, आधी नाही. परभाषेतली नावं उचलण्यापूर्वी आंग्र्यांचं आरमार आठवा. गुराब तोफांची, शिडांची, जड. गलबत हलकं, वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत. शिबाड मालाचं. काम वाटून घेतलेले वर्ग आपल्याकडे आयते पडलेत आणि लोक 'ड्रेडनॉट' लिहितात! वर्गाला त्यातल्या पहिल्या यानाचं नाव द्या, नौदलात तीच रीत आहे.

वही झाली की ती लेखक मित्राला दाखवू नका, यार्डात काम केलेल्या माणसाला दाखवा. मी नवी वही घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं उलटली, टँकरच्या पानावर मान डोलावली आणि विचारलं, "शंटर कुठाय?"

"शंटर?"

"एवढाली धुडं धक्क्याला कोण लावणार? तू?"

शंटर नव्हताच. त्या रात्री 'मचवा' वर्ग लिहिला: माणसं दोन, झोत सगळ्यात मंद, रेटा सगळ्यात दांडगा, शिदोरी जेमतेम पाव किलोमीटर प्रति सेकंद. त्यानंतरच्या माझ्या तिन्ही कथा त्याच्या तांडेलावर, म्हणजे नाखव्यावर, आहेत.