हाय इंटेन्सिटी सर्किट आखताना या चुका टाळा

पहिल्या राउंडला 20 स्क्वॉट होतात, तिसऱ्याला 11, आणि त्यातलेही निम्मे अर्धवट. असं होत असेल तर स्वतःच्या दमाला दोष देऊ नका. बहुतेक वेळा सर्किटची, म्हणजे एकामागून एक करायच्या व्यायामांच्या फेरीची, आखणीच चुकलेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विश्रांती कापणं. जोरकस हालचालीसाठी स्नायू आधी आपल्यातला फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचा, साठा वापरतात. तो अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरून येतो, पूर्ण भरायला मात्र काही मिनिटं लागतात. दर वेळी 10 सेकंदच थांबलात तर धाप लागेल, घाम गळेल, पण जोर उतरत जाईल. मग हाय इंटेन्सिटी फक्त नावापुरती उरते. 'ताबाता'च्या नावाखाली हेच चालतं. इझुमी ताबाता यांच्या 1996 च्या प्रयोगात 20 सेकंद काम आणि 10 सेकंद विश्रांती होती हे खरं, पण ते व्यायामाच्या सायकलवर, 7 ते 8 फेऱ्या आणि तेवढ्यात माणूस पार थकेल इतक्या जोरात. तेच प्रमाण धरून 40 मिनिटं पुशअप आणि लंजेस करणं ही वेगळीच गोष्ट झाली.

नवख्यांनी 20 सेकंद काम, 40 सेकंद विश्रांती इथून सुरुवात करावी. सवय झाली की 30-30. माझा नियम साधा आहे: शेवटच्या राउंडचे आकडे पहिल्यापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त घसरले, तर विश्रांती वाढवा किंवा एक स्टेशन, म्हणजे फेरीतला एक व्यायाम, कमी करा.

दुसरी चूक क्रमाची. पुशअप, लगेच प्लँक, मग माउंटन क्लायंबर: कागदावर तीन वेगळे व्यायाम, पण खांद्यांना एकदाही सुटका नाही. लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि ॲडमसन यांनी 1953 मध्ये सर्किट ट्रेनिंगची पद्धत बसवली. एका भागाचं काम चालू असताना दुसऱ्याला उसंत मिळावी, यातच सर्किटची खरी ताकद आहे. म्हणून स्क्वॉट, पुशअप, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), रोइंग असा क्रम लावा. बॉक्स जंपसारख्या उड्या सुरुवातीलाच घ्या, कारण थकलेल्या पायांनी उतरताना गुडघा आत वळतो.

जोर पुरेसा आहे का, हे बोलून बघा. कामाच्या सेकंदांत दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येता कामा नये. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके काढायचं 220 वजा वय हे गणित माणसागणिक 10-12 ठोक्यांनी सहज चुकतं, त्यावर विसंबू नका.

वॉर्म-अपला 5 ते 10 मिनिटं द्याच. आठवड्यात दोन-तीन सत्रं पुरतात, मध्ये 48 तासांचं अंतर ठेवून.

छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि जोरदार सत्रानंतर स्नायू असह्य दुखत असतील, सुजले असतील आणि लघवी गडद तपकिरी झाली असेल, तर ते नेहमीचं अंगदुखणं नव्हे. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते. त्याने मूत्रपिंडाला इजा होते, त्यामुळे त्याच दिवशी रुग्णालय गाठा.