आजोबांचं पिस्तूल कपाटात ठेवू नका
देवळाली कॅम्पच्या आसपास फौजी घरं पुष्कळ. आजोबा गेले की त्यांच्या ट्रंकेत मेडल्सच्या खाली पिस्तूल सापडतं. आठवण म्हणून ते तसंच परत ठेवावंसं वाटतं, मीही ते समजू शकतो. पण परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. आजोबांच्या परवान्यावर तुम्हाला ते बाळगता येत नाही.

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून ते जमा कसं करायचं हे विचारा. स्वतः हाताळू नका, त्यात गोळी असू शकते. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही जमा करता येतं. कुठेही जमा केलंत तरी पावती जपून ठेवा, अर्जाच्या वेळी तीच लागते.

मग शस्त्र नियम, २०१६ नुसार वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करा. नाशिक शहरात पोलीस आयुक्तांकडे, सिन्नर-निफाडसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती सोबत ठेवा. भावंडांशी आधीच बोलून घ्या. वयाची अट २१ वर्षं.

पिस्तूल ९ मिमीचं असेल तर ते प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडतं, त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. आणि शस्त्र सरकारी निघालं तर ते वारशात येतच नाही, परतच द्यावं लागतं.