वर्डप्रेस संकेतस्थळाचा बॅकअप आपोआप बाहेरच्या क्लाउडवर कसा ठेवावा

१० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या (संकेतस्थळांसाठी सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीच्या) डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी-२ ही पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी-१ चा काही भाग गेला आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजणाऱ्या काही ग्राहकांच्याही हाती काही उरले नाही, कारण त्यांच्या प्रती त्याच आवारात ठेवलेल्या होत्या. आग ही दूरची गोष्ट वाटत असेल, तर नूतनीकरणाचे पैसे वेळेत न भरल्याने होस्टिंग खाते बंद होणे किंवा त्या खात्याचा पासवर्ड चोरीला जाणे हे प्रकार नेहमी घडणारे आहेत, आणि दोन्हींत खात्याच्या आत ठेवलेली प्रत संकेतस्थळाबरोबरच जाते. होस्टिंग कंपनीचा बॅकअप जरूर चालू ठेवावा, परंतु निदान एक प्रत वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या पासवर्डखाली आणि कोणाच्या आठवणीवर अवलंबून न राहता जात असली पाहिजे.

एखाद्या दिवाळी अंकाचे, वाचनालयाचे किंवा लहान प्रकाशनसंस्थेचे वर्डप्रेसवर चालणारे संकेतस्थळ डोळ्यांसमोर ठेवून पुढील कृती लिहिली आहे.

काय साठवायचे

वर्डप्रेसमधील लेख, पाने, प्रतिक्रिया, वापरकर्ते आणि बहुतेक सेटिंग्ज माय-एसक्यूएल किंवा मारियाडीबीच्या डेटाबेसमध्ये असतात. चित्रे आणि पीडीएफ, थीम व प्लगइन या फाइली ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरमध्ये असतात. वर्डप्रेसचा गाभा कधीही पुन्हा उतरवून घेता येतो, त्यामुळे त्याची चिंता नको. मात्र ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही छोटी फाइल विसरू नये, कारण डेटाबेसचे नाव, पासवर्ड आणि तक्त्यांच्या नावांआधीचा उपसर्ग तिच्यातच असतो.

डेटाबेस रोज बदलतो आणि आकाराने लहान असतो, तर अपलोड केलेल्या फाइली मोठ्या असतात आणि सावकाश वाढतात. म्हणून दोघांचे वेळापत्रक वेगळे ठेवावे. सामान्यतः डेटाबेस रोज आणि फाइली आठवड्यातून एकदा, हे प्रमाण पुरते. दिवाळी अंकाच्या दिवसांत, जेव्हा रोज नवे लेख आणि चित्रे चढत असतात, तेव्हा फाइलींचा बॅकअपही तात्पुरता रोजचा करावा.

प्लगइनची मांडणी

सामायिक होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे) असेल आणि सर्व्हरवर आज्ञा देण्याची सोय नसेल, तर अपड्राफ्टप्लस हे प्लगइन या कामासाठी योग्य आहे. डॅशबोर्डमधील ‘प्लगइन’ विभागातून ते स्थापित करून सक्रिय करावे आणि त्याच्या ‘सेटिंग्ज’ या टॅबवर जावे. तेथे सर्वांत वर फाइलींचे आणि डेटाबेसचे वेळापत्रक स्वतंत्रपणे निवडता येते, आणि प्रत्येकापुढे किती प्रती राखायच्या याचा आकडा भरायचा असतो. त्याखाली साठवणुकीच्या सेवांची चिन्हे दिसतात. मोफत आवृत्तीत गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ॲमेझॉन एस-थ्री यांपैकी एक निवडता येते. गूगल ड्राइव्ह निवडून बदल जतन केल्यावर परवानगीची लिंक येते, तिच्यावरून गूगल खात्यात जाऊन संमती द्यावी लागते. ही संमती पूर्ण होईपर्यंत ड्राइव्हवर काहीही जात नाही, आणि नेमक्या याच पायरीवर काम अर्धवट सुटण्याची शक्यता जास्त असते.

गूगल खाते कोणा एका कार्यकर्त्याचे खासगी नसावे, संस्थेचे असावे, आणि त्याला द्विस्तरीय पडताळणी लावलेली असावी. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे गूगलचे धोरण आहे, म्हणून केवळ बॅकअपसाठी उघडलेल्या खात्यात अधूनमधून कोणीतरी स्वतः लॉगइन करावे.

आता जागेचा हिशेब. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो यांच्यात मिळून असते. मोफत अपड्राफ्टप्लस दर वेळी फाइलींचा संपूर्ण बॅकअप घेते, फक्त बदललेल्या फाइली पाठवत नाही. अपलोड्सचा फोल्डर ३ जीबींचा असेल आणि चार आठवड्यांच्या प्रती राखायच्या ठरवल्या, तर १२ जीबी तेथेच संपतात. त्यात गेल्या दहा वर्षांच्या अंकांची पीडीएफ चढवली, की पाठवणी मध्येच अडते. हा हिशेब आधीच मांडावा आणि जागा अपुरी वाटली तर वापरानुसार पैसे घेणारी साठवणूक निवडावी. ॲमेझॉन एस-थ्रीचे मुंबई आणि हैदराबाद असे दोन विभाग भारतात आहेत, त्यामुळे माहिती देशातच ठेवायची असेल तर तीही सोय होते.

दोन बारकावे येथेच सांगितले पाहिजेत. पहिला असा की, मोफत आवृत्ती प्लगइन, थीम, अपलोड्स आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील इतर फाइली घेते, परंतु ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ घेत नाही. ती फाइल एकदा हाताने उतरवून सुरक्षित जागी ठेवावी. दुसरा असा की, वगळायच्या फोल्डरांच्या यादीत सुरुवातीपासूनच काही नमुने भरलेले असतात, आणि त्यामुळे अपलोड्समधील ज्या फोल्डरचे नाव इंग्रजीत ‘बॅकअप’ या शब्दाने सुरू होते तो मुकाट्याने सोडला जातो. जुन्या अंकांची चित्रे कोणी अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली असतील तर ती कधीच क्लाउडवर पोहोचणार नाहीत. ती यादी डोळ्यांखालून घालावी.

सर्व भरून झाल्यावर वेळापत्रकाची वाट न पाहता पहिला बॅकअप लगेच हाताने सुरू करावा आणि ‘दूरच्या साठवणुकीवर पाठवा’ हा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करावी. काम संपल्यावर प्लगइनचा संदेश वाचून थांबू नये, तर प्रत्यक्ष ड्राइव्ह उघडून डेटाबेस, प्लगइन, थीम, अपलोड्स आणि इतर असे वेगवेगळे संच तेथे आहेत का, आणि अपलोड्सचा आकार सर्व्हरवरच्या फोल्डरशी साधारण जुळतो का, ते पाहावे. सामायिक होस्टिंगवर मोठी झिप बनताना काम वारंवार तुटत असेल, तर प्रगत सेटिंग्जमधील तुकड्यांचा आकार, जो मुळात ४०० एमबी असतो, तो १०० एमबीपर्यंत खाली आणावा.

‘आपोआप’ची अडचण

वर्डप्रेसचे अंतर्गत वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. कोणी पान उघडले, की ठरलेली कामे बाकी आहेत का हे तपासले जाते. ज्या संकेतस्थळावर रात्रभर कोणी फिरकत नाही, किंवा जेथे कॅशमधूनच (आधी तयार करून ठेवलेल्या प्रतींतूनच) पाने दिली जात असल्याने वर्डप्रेस जागेच होत नाही, तेथे पहाटेचा बॅकअप दुपारी होतो किंवा दिवस चुकतो. यावर उपाय असा की, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये अंतर्गत क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी यंत्रणा) बंद करण्याचा स्थिरांक घालावा आणि सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरील ‘क्रॉन जॉब्स’ विभागातून ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ ही फाइल दर पंधरा मिनिटांनी चालवण्याची आज्ञा द्यावी. स्थिरांक घालून सीपॅनेलमधील आज्ञा विसरली तर वेळापत्रक पूर्ण थांबते, म्हणून दोन्ही एकाच बैठकीत करावे.

स्वतःचा सर्व्हर असल्यास

व्हीपीएस (भाड्याने घेतलेला स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेतलेला असेल तर प्लगइनपेक्षा एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरला द्यायच्या आज्ञांची फाइल, अधिक भरवशाची, कारण संकेतस्थळ बंद पडले तरी ती चालत राहते. तिचे काम तीन टप्प्यांचे आहे: माय-एसक्यूएल-डम्पने डेटाबेस काढणे, जीझिपने तो आवळणे, आणि आर-क्लोन या मुक्त साधनाने तो व अपलोड्स क्लाउडवर पाठवणे. डम्प काढताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्यावा. त्यामुळे इनोडीबी या प्रकारचे तक्ते कुलूपबंद न करता एकाच क्षणाचे सुसंगत चित्र मिळते. आर-क्लोनमध्ये ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ यांतील फरक नीट समजून घ्यावा. ‘सिंक’ ही आज्ञा दोन्ही बाजू सारख्या करते, म्हणजेच सर्व्हरवर पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसते. बॅकअपसाठी ‘कॉपी’च वापरावी.

या मांडणीतला सर्वांत घातक दोष असा की, डम्पची आज्ञा फसली तरी पाइपच्या (एका आज्ञेचे फलित दुसरीकडे नेणाऱ्या जोडणीच्या) पुढे उभे असलेले जीझिप आपले काम यशस्वी झाल्याचे सांगते. पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला, तर रोज रात्री वेळेवर, योग्य नावाची, २० बाइटांची फाइल क्लाउडवर जात राहते. रिकामा मजकूर जीझिपने आवळला की एवढाच ऐवज उरतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू करावे, म्हणजे मधली आज्ञा फसली तरी ते कळते, पाठवण्यापूर्वी फाइलचा आकार तपासावा, आणि डम्पच्या शेवटच्या ओळीत तो पूर्ण झाल्याची नोंद आहे का हेही पाहावे. क्रॉनच्या ओळीत थेट तारीख घालायची असेल तर तिच्या मांडणीतील टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, अन्यथा क्रॉन तेथेच ओळ तोडते. त्यापेक्षा तारीख स्क्रिप्टच्या आत ठेवणे सोपे. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते, तेव्हा भारतातील पहाटे ३ साठी क्रॉनमध्ये २१ वाजून ३० मिनिटे लिहावीत.

किल्लीला पुसण्याचा अधिकार नको

सर्व्हर फोडणाऱ्याला क्लाउडची किल्लीही (क्लाउडवर प्रवेश देणारा गुप्त संकेत) त्याच सर्व्हरवर सापडते. त्या किल्लीने जुन्या प्रती पुसता येत असतील, तर बाहेरची साठवणूकही फार काळ बाहेरची राहत नाही. एस-थ्री वापरत असाल तर सर्व्हरवर ठेवायच्या किल्लीला फाइल लिहिण्याचा आणि यादी पाहण्याचा अधिकार द्यावा, पुसण्याचा देऊ नये. बकेटवर (एस-थ्रीमधील साठवणुकीच्या कप्प्यावर) आवृत्ती-नोंद चालू करावी, म्हणजे त्याच नावाची फाइल वरून लिहिली तरी आधीची टिकते. जुन्या प्रती काढण्याचे काम बकेटच्या लाइफसायकल नियमाकडे सोपवावे, आणि त्याच नियमात अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे काही दिवसांनी पुसण्याचे कलमही घालावे, कारण त्यांचेही पैसे लागतात. घुसखोरीचा कोड कित्येकदा आठवडेच्या आठवडे लक्षात येत नाही. तेव्हा केवळ सात दिवसांच्या प्रती राखल्या, तर त्या साऱ्याच बाधित असू शकतात. सात रोजच्या, चार साप्ताहिक आणि सहा मासिक प्रती ही विभागणी मला योग्य वाटते.

डेटाबेसमध्ये वर्गणीदारांचे पत्ते, ईमेल आणि फोन क्रमांक असतील, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार करता प्रत कूटबद्ध करूनच पाठवावी. आर-क्लोनमध्ये त्यासाठी ‘क्रिप्ट’ची सोय आहे. तिचा पासवर्ड सर्व्हरबाहेर, शक्यतो कागदावर, दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. तो हरवला तर बॅकअप कोणालाच उघडता येणार नाही.

न आलेला निरोप आणि परत उभारणी

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या सेवेमध्ये चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला, तेव्हा एस-थ्रीवरची बॅकअपची बकेट रिकामी निघाली. डम्पचे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्याने रोज फसत होते, आणि फसल्याचे ईमेल पाठवले जात असूनही ते स्वीकारणाऱ्या बाजूने नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची संपूर्ण प्रत) योगायोगाने हाताशी होता, म्हणून नुकसान तेवढ्यावर भागले. त्यांनी हे सारे स्वतःहून जाहीर केले, हे त्यांचे मोठेपण. यातून घ्यायचा उपाय असा की, अपयशाचा निरोप मागण्याऐवजी यशाचा निरोप मागावा: स्क्रिप्टने काम पूर्ण झाल्यावर हेल्थचेक्ससारख्या बाहेरच्या सेवेला खूण द्यावी, आणि ठरलेल्या वेळेत खूण आली नाही तर त्या सेवेने आपल्याला कळवावे.

तीन महिन्यांतून एकदा क्लाउडवरची प्रत घेऊन वेगळ्या सबडोमेनवर किंवा स्वतःच्या संगणकावर संकेतस्थळ उभे करून पाहावे. पत्ता बदलताना डेटाबेसच्या फाइलमध्ये सरसकट शोधा-बदला करू नये, कारण वर्डप्रेस काही सेटिंग्ज अक्षरांच्या लांबीसह साठवते आणि लांबी चुकली की त्या वाचता येत नाहीत. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला आज्ञा देण्याच्या साधनाची ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा हे सांभाळते. चाचणीच्या प्रतीतून ईमेल बाहेर जाणार नाहीत याची व्यवस्था आधी करावी, नाहीतर वर्गणीदारांना जुन्या सूचना पुन्हा जातील.

मराठी संकेतस्थळासाठी एक तपासणी अटळ आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीमध्ये तीन बाइट घेते आणि इमोजी चार. डम्प जुन्या तीन-बाइटी अक्षरसंचात काढला गेला तर मजकूर शाबूत दिसतो, परंतु इमोजींच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. आणि तक्ते मुळात लॅटिन संचात असतील तर सारा मजकूर डोक्यावर टिंबे-रेघा असलेल्या परक्या अक्षरांत उमटू शकतो. डम्प काढताना आणि भरताना दोन्ही वेळा यूटीएफ-८-एमबी-४ संच सांगावा. परत उभारलेल्या प्रतीत ‘ऱ्ह’, ‘ज्ञ’, ‘र्‍य’ असलेला एक जुना लेख, इमोजी असलेली एक प्रतिक्रिया आणि देवनागरी नावाची एक चित्रफाइल उघडून पाहावी. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हे, आणि आर-क्लोनने नावेही कूटबद्ध केली तर ती मर्यादा आणखी खाली येते. चित्रांची नावे आखूडच ठेवावीत.

डोमेनच्या डीएनएस नोंदी (संकेतस्थळाचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते त्या नोंदी), ईमेल खात्यांची यादी आणि क्रॉनच्या ओळी वरीलपैकी कोणत्याही बॅकअपमध्ये येत नाहीत. त्या एका मजकूर फाइलमध्ये उतरवून, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’च्या प्रतीसोबत, कूटबद्ध करून त्याच क्लाउडवर ठेवाव्यात आणि त्यांत बदल झाला की त्याच दिवशी ती फाइल नवी करावी.