गिटार आणि अँप ताडून बघताना आधी आवाज सारखा करा

स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) चांगली की लेस पॉल, या दोन इलेक्ट्रिक गिटारींच्या वादात बहुतेक वेळा जिंकते ती मोठ्याने वाजणारी गिटार. मोठा आवाज कानाला चांगला वाटतोच. लेस पॉलचे हमबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप (तारेच्या कंपनातून विजेचा सिग्नल बनवणारे भाग), स्ट्रॅटच्या साध्या सिंगल-कॉइलपेक्षा जोरकस सिग्नल देतात, म्हणजे अँपला (अँप्लिफायरला) हात न लावता गिटार बदलली की निकाल आधीच ठरला. मोबाइलवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घ्या, फोन अँपपासून एक मीटरवर ठेवा आणि तीच कॉर्ड तितक्याच जोराने छेडून फरक एखाद्या डेसिबलवर आणा. ही पारख क्लीन, म्हणजे न फाटलेल्या आवाजावरच करा. ड्राइव्हवर, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून वाजवताना, पिकअपच्या जोरानुसार तो किती फाटतो हेही बदलतं, तिथे नुसता व्हॉल्यूम जुळवून भागत नाही.

तारा नव्या हव्यात आणि केबल एकच. लांब केबल तीक्ष्ण स्वर खाते, त्यामुळे एका गिटारीला ३ मीटरची आणि दुसरीला ९ मीटरची लावली तर तुलना केबलचीच होते.

दुकानातल्या गिटारींची पिकअपची उंची क्वचितच नीट असते. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅटसाठी जाड तारेखाली साधारण २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी ही सुरुवात ठीक. याहून फार जवळ आणलं की चुंबक तार ओढतं, वरच्या फ्रेटवर जाड तारेचा स्वर डगमगतो आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर अचूक लागणं) काही केल्या बसत नाही. दोष गिटारीच्या माथी जातो, काम मात्र दोन स्क्रूंचं असतं.

अँपचे सगळे नॉब मध्यावर ठेवले की तुलना न्याय्य झाली, हाही भ्रमच. फेंडर कंपनीच्या अँपमधल्या जुन्या घडणीच्या टोन सर्किटमध्ये नॉब मध्यावर असतानाही मधले स्वर दबलेले असतात. बास आणि ट्रेबल बरेच उतरवून मिडल पूर्ण चढवला की आवाज सपाटीच्या जवळ येतो. त्यामुळे प्रत्येक अँप त्याच्या परीने चांगला वाजेपर्यंत फिरवा, मग निवाडा करा. आणि अँप खुर्चीवर ठेवून ऐका. स्पीकरचे तीक्ष्ण स्वर समोरच्या अरुंद पट्ट्यात जातात. अँप जमिनीवर असेल तर ते पोटऱ्यांना ऐकू येतात.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. फेंडरचेच दोन अँप, २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब आणि ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब, यांच्या आवाजात फरक जेमतेम ६ डेसिबलचा. फ्लॅटमध्ये ५ वॅटचा ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) अँपही पूर्ण उघडला तर शेजारी दार वाजवतील.

अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेला अँप १२० व्होल्टचा असू शकतो. मागची पट्टी वाचा. तो थेट आपल्या २३० व्होल्टला जोडला तर निदान फ्यूज जाईल, नाहीतर ट्रान्सफॉर्मरही. पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर घ्या. ट्यूब अँप स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.