जुन्या डॉर्मोबाइलच्या छपरातला कॅनव्हासचा पलंग पुन्हा झोपण्यासारखा कसा करायचा

ज्यांनी डॉर्मोबाइल कधी बघितली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये केंटमधल्या फोकस्टनला मार्टिन वॉल्टर नावाची कंपनी होती, मूळची घोड्यांचं जीन-लगाम बनवणारी, ती १९५० च्या दशकात बेडफर्ड सीए या व्हॅनच्या कॅम्पर (आत झोपायची सोय असलेल्या गाड्या) डॉर्मोबाइल नावाने बनवायला लागली (ही बेडफर्ड १९५२ ते १९६९ निघत होती) आणि पुढे त्यांचं हे छप्पर फोक्सवॅगनवर आलं, लँड रोव्हरवर आलं. छप्पर फायबरग्लासचं, एका बाजूला बिजागऱ्या, दुसरी बाजू वर उचलायची की मधलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड घड्या उलगडत ताणलं जातं, आणि आत दोन्ही कडांना लांबीच्या दिशेने एकेक पलंग, म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेला कॅनव्हास. नको तेव्हा गुंडाळून कडेला ठेवायचा, खाली उभं राहायला जागा मोकळी. इतक्या कमी सामानात इतकं काम करणारी वस्तू क्वचित सापडते, म्हणून तो काढून तिथे प्लायवूडची फळी ठोकलेली बघितली की मला खरंच वाईट वाटतं. ती फळी जड होते, घडी होत नाही, आणि ते वजन छपराच्या कापलेल्या कडेवर येतं.

पलंगाला हात लावायच्या आधी छप्पर बघा. पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय नवीन कापड शिवणं म्हणजे पैसे वाया, कारण कॅनव्हास ओला राहिला की बुरशी धरतो आणि काळे ठिपके आले की ते सहसा पूर्ण जात नाहीत. बिजागऱ्यांच्या आसपास फायबरग्लासला चिरा आहेत का, रबर सील कडक होऊन तुटलंय का, आणि मुख्य म्हणजे जिथे गाडीचं पत्र्याचं छप्पर कापलंय त्या कडेला गंज किती आहे हे टॉर्च घेऊन आतून बघा. पलंगाचे ब्रॅकेट याच कडेच्या चौकटीला बसतात. तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जात असेल किंवा लाकूड भुसभुशीत लागत असेल तर पलंगाचं काम थांबवा, आधी वेल्डिंग किंवा लाकूड बदलणं. यात कंजूषी करू नका, खाली कोणीतरी झोपलेलं असतं.

मग सगळं उतरवा. उतरवताना फोटो काढा, प्रत्येक नळीवर आणि ब्रॅकेटवर मास्किंग टेप लावून डावं-उजवं, पुढचं-मागचं लिहा, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक भोक आपापल्या जोडीदाराबरोबर झिजलेलं असतं आणि अदलाबदल झाली की पलंग तिरका बसतो. जुनं कापड फाटकं असलं तरी टाकू नका, तोच तुमचा पॅटर्न. गाडी आणि वर्षाप्रमाणे मापं थोडी बदलतात त्यामुळे दुसऱ्याचं माप घेऊन कापड कापू नका.

नळ्या. सपाट टेबलावर गडगडवून बघा, वाकलेली असेल तर मधे उजेड दिसतो. बाहेरचा गंज तारेच्या ब्रशने जातो पण स्टीलच्या नळीचा गंज आतून जास्त असतो, तेव्हा टोकाची टोपी काढून आत टॉर्च मारा, ठोकून आवाज ऐका, बद्द वाजली किंवा पापुद्रे पडले तर सरळ बदला. नवीन घेताना बाहेरचा व्यास आणि जाडी दोन्ही तेच घ्या. पडद्याची पातळ अॅल्युमिनियमची नळी दिसायला तशीच दिसते पण माणसाच्या वजनाला ती नाही चालत. जुनी ठेवायची असेल तर गंज काढून, झिंक प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबा, नुसता हाताला सुकलेला रंग कॅनव्हासला चिकटतो आणि पुन्हा नळी बाहेर निघता निघत नाही. ब्रॅकेटमध्ये बसणाऱ्या टोकांना रंगाचा जाड थर नको.

ब्रॅकेटचे स्क्रू सैल झालेले असतातच. लाकूड चांगलं असेल तर भोकात कठीण लाकडाची खुंटी गोंद लावून बसवा, वाळू द्या, नवीन भोक पाडा. जिथे मागून हात जातो तिथे स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा), हे मी नेहमीच जास्त पसंत करते. आणि लक्षात ठेवा की ही त्या काळातली ब्रिटिश वस्तू आहे, बऱ्याच ठिकाणी आटे इंचातले असतात. पाव इंची बोल्ट म्हणजे ६.३५ मिमी, त्या जागी ६ मिमीचा बोल्ट घातला तर थोडा फिरून बसल्यासारखा वाटतो पण धरत काहीच नाही. आटे मोजायचं थ्रेड गेज स्वस्तात मिळतं, ते आणा.

आता कापड, आणि इथेच खरी मजा आहे. जाड सुती कॅनव्हास घ्या, ५०० ते ६०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचा, विणीला घट्ट. तंबूचं हलकं कापड घेऊ नका. कापायच्या आधी ३० सेंमी बाय ३० सेंमीचा तुकडा भिजवून वाळवा आणि परत मोजा, आटला तर सगळं कापड आधी भिजवून घ्यायचं. त्याच तुकड्याला दोन्ही दिशांनी जोरात ओढून बघा, ज्या दिशेला कमी ताणतो ती दिशा एका नळीकडून दुसऱ्या नळीकडे जायला हवी, कारण झोपलेल्या माणसाचं वजन त्याच दिशेने खेचतं. नवारीची खाट सैल पडली की माणूस मधे खड्ड्यात जातो आणि सकाळी कंबर धरून उठतो, इथे तसंच होतं, फक्त इथे नवार परत ओढून बांधायची सोय नाही, जे काय ते शिवतानाच.

म्हणून जुन्या कापडाचं माप मधे घेऊ नका, मधे ते वर्षानुवर्षं ताणून वाढलेलं असतं. दोन्ही टोकांना, शिवणीजवळ मोजा, तिथे मूळ रुंदी टिकलेली असते. नळीचा व्यास २५ मिमी असेल तर घेर साधारण ७९ मिमी, तिच्याभोवतीची कापडाची नळी आतून ९० मिमीच्या आसपास ठेवा, शिवणीची पट्टी वेगळी धरा. यापेक्षा घट्ट केली तर नळी आत जाता जात नाही, फार सैल केली तर पलंग झोळ खातो. आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून गाडीत लावून बघा (त्याच्यावर झोपायचं नाही, फक्त माप बघायला).

शिवायला बाँडेड पॉलिएस्टर धागा, सुई ११० किंवा १२० नंबरची, टाका ४ मिमीच्या आसपास लांब. बारीक टाके घातले की मजबूत होईल असं वाटतं पण उलट कापडाला भोकांची रांग पडते आणि तिथूनच फाटतं. कापडाच्या नळीच्या शिवणीला दोन ओळी, टोकांना मागे-पुढे टाके, कोपऱ्यांना जास्तीचा तुकडा. घरच्या मशीनवर चार थर आले की ती अडते, जबरदस्ती करू नका. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या गावांत शिडं आणि बोटींची कव्हरं शिवणारे लोक असतात, त्यांच्याकडे वॉकिंग फूटची मशीन असते (जाड थर वरून आणि खालून दोन्हीकडून पुढे सरकवणारी), जुनं कापड आणि नळी दोन्ही सोबत घेऊन जा. आपल्याकडे ताडपत्री आणि गाड्यांचे हूड शिवणारे असतात तेही हे काम उत्तम करतील.

छपराचं पट्ट्यांचं कापड मूळचं असेल तर शक्यतो वाचवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढंच. ब्लीच नको. छोटी भोकं पीव्हीसीचा तुकडा आणि पीव्हीसीचाच गोंद लावून बंद होतात, तुकड्याचे कोपरे गोल कापा नाहीतर घडी घालताना कोपरा उचलला जातो.

सगळं बसवल्यावर लगेच वर चढू नका. तांदळाची पोती किंवा पाण्याचे कॅन एकेक करून ठेवत जा, पसरून, आणि वजन ठेवलेलं असताना कोणीही खाली बसायचं नाही. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बोल्ट परत तपासा, शिवणीत भोकं लांबट झालीत का बघा, नळी वाकून राहिली का बघा. किती वजन चालतं हे तुमच्या गाडीच्या मूळ पुस्तिकेत बघा आणि पुस्तिका नसेल तर तो लहान मुलांचा पलंग समजा, मोठ्यांनी खाली झोपावं. मुलांसाठीसुद्धा कडेला जाळी लावा.

गाडी चालू असताना वर कोणी नको, हे सांगायची गरज नसावी तरी सांगते. खाली गॅसवर काही शिजत असेल तेव्हा पलंग गुंडाळलेला हवा, कापड पेटायला वेळ लागत नाही, आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय झोपू नका, शेगडी किंवा हीटर उब येण्यासाठी रात्री चालू ठेवू नका.

गुंडाळताना कापड पूर्ण कोरडं पाहिजे, पावसात छप्पर बंद करावंच लागलं तर घरी आल्यावर पहिलं काम परत उघडून वाळवणं. आणि बंद करताना एकाने आतून पट्ट्यांचं कापड आत ओढत राहायचं, नाहीतर कडेत चिमटून फाटतं.